दूध उतरलं होतं का?

दर्यापूरकडच्या एखाद्या खेड्यातली 48 वर्षांची बाई डोळ्यांसमोर आणा. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. घरच्यांनी अकोल्याला आणलं, ऑपरेशन झालं, सळई नीट बसली. एक्स-रे चांगला, जखम कोरडी, ताप नाही. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने घेतलेला चहा ओकून टाकला. दुपारी हाक मारली तर नुसतं ‘हं’. वरचा रक्तदाब 80 वर आला. सलाइन जोरात सोडलं की थोडा चढतो, हळू केलं की पुन्हा उतरतो. संध्याकाळी रिपोर्ट येतो: सोडियम 118, साखर 58. बाहेर व्हरांड्यात सतरंजीवर बसलेला नवरा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सिस्टरला एकच विचारतो, “ऑपरेशन चांगलं झालं म्हनता, मंग हे डोये काहून नाई उघडून राह्यली?”

ही बाई कुणी एक रुग्ण नाही. वैद्यकाच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येणारी लक्षणं मी एका माणसात गोळा केली आहेत. पण नवऱ्याचा प्रश्न खरा आहे आणि त्याला उत्तरही आहे.

मोठ्या ऑपरेशननंतर रक्तदाब उतरला तर डॉक्टर आधी रक्तस्राव शोधतात, मग जंतुसंसर्ग, हृदय, फुप्फुसात अडकलेली गुठळी. हे बरोबरच आहे, कारण बहुतेक वेळा कारण यातच सापडतं. पण हे सगळं तपासून झालं, काहीच हाती लागलं नाही आणि बाई खालीच चालली असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या एका हरभऱ्याएवढ्या ग्रंथीकडे वळायला हवं. शाळेच्या पुस्तकात तिचं नाव आपण वाचलेलं असतं: पीयूषिका. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळाच्या हाडात, खोगिरासारख्या एका खोलगट जागेत ती बसलेली असते. थायरॉइडने किती काम करायचं, पाळी कधी यायची, मुलाची उंची किती वाढायची, आईला दूध कधी उतरायचं, मूत्रपिंडांनी पाणी किती राखायचं, हे सगळं ती ठरवते. ‘पीयूष’ या संस्कृत शब्दाचा अर्थ अमृत, तसाच नुकत्याच व्यालेल्या गायीचं पहिलं दूध, म्हणजे आपला चीक. या ग्रंथीच्या आजाराची पहिली खूण अनेकदा दुधातच सापडते, त्यामुळे हे नाव मला फार नेमकं वाटतं.

ऑपरेशनच्या दृष्टीने तिचं सगळ्यात महत्त्वाचं काम मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींना हुकूम देण्याचं. तो हुकूम मिळाला की त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल म्हणजे संकटकाळचं संप्रेरक. रक्तवाहिन्यांचा ताण ते टिकवतं, साखर पडू देत नाही, शरीरातलं जादा पाणी बाहेर जाऊ देतं. निरोगी माणसाचं शरीर एरवी दिवसाला साधारण 10 मिलिग्रॅमच्या आसपास कॉर्टिसॉल बनवतं आणि मोठ्या ऑपरेशनच्या दिवशी त्याच्या कितीतरी पट. पीयूषिका अर्धवट निकामी असेल तर रोजच्या दिवसापुरतं कसंबसं भागतं, वाढीव मागणी मात्र पुरी होत नाही. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदाराला हे लगेच उमजेल. घरापुरतं पाणी देणारी विहीर वर्षानुवर्षं चांगली वाटते. उन्हाळ्यात तिच्यावर बागेचं ओलित लावलं की तासाभरात तळ दिसतो.

आता प्रश्न असा, की दर्यापूरकडच्या त्या बाईची विहीर आटली कधी? उत्तर बहुधा वीस-बावीस वर्षांमागे, तिच्या शेवटच्या बाळंतपणात आहे.

गरोदरपणात पीयूषिका ग्रंथी फुगते, कारण दूध आणणाऱ्या पेशी तिच्यात वाढतात. पण वाढलेल्या भागाला रक्त पुरवणारी व्यवस्था जुनीच राहते. पुढच्या भागाला बहुतेक रक्त मिळतं ते कमी दाबाच्या बारीक शिरांच्या जाळ्यातून. बाळंतपणात खूप रक्त गेलं आणि दाब कोसळला की सगळ्यात आधी उपाशी राहतो तो हाच पुढचा भाग. काही तासांत तिथल्या पेशी मरतात. मागच्या भागाला धमनीतून थेट रक्त मिळतं, म्हणून तो बहुधा वाचतो. हॅम्बुर्गच्या मॉरिस सिमंड्स यांनी 1914 मध्ये अशी सुकलेली ग्रंथी शवविच्छेदनात पाहिली होती. बाळंतपणातला रक्तस्राव आणि ग्रंथीचं मरण यांचा धागा पक्का जोडला तो हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने, ग्लासगोच्या प्रसूती रुग्णालयातल्या शवविच्छेदनांवरून, 1937 मध्ये. तेव्हापासून या आजाराला त्यांचं नाव आहे: शीहान सिंड्रोम.

श्रीमंत देशांत तो आता दुर्मीळ झाला आहे. आपल्याकडे नाही. काश्मीर खोऱ्यात झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विशीच्या पुढच्या, बाळंतपण झालेल्या बायकांत त्याचं प्रमाण सुमारे 3 टक्के निघालं, आणि त्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश बायका घरीच बाळंत झालेल्या होत्या. घरची बाळंतपणं म्हटली की वऱ्हाडात कुणालाही मेळघाट आठवेल. धारणी-चिखलदऱ्याच्या पाड्यांवरून पावसाळ्यात खाली यायला लागणारा वेळ आठवेल. पण पठारावरच्या गावांतही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बाळंतपण सुईणीच्या हातून होणं ही काही आश्चर्याची गोष्ट नव्हती. आज त्या बायका पंचेचाळीस-पन्नाशीच्या आहेत. पित्ताशयाचे खडे, हर्निया, आतड्याला पडलेला पीळ, यांच्या ऑपरेशनांचं वय हेच.

मधल्या वीस वर्षांत त्यांचं काय होतं? बाळंतपणानंतर दूध उतरत नाही. घरात डिंकाचे लाडू होतात, अळिवाची खीर होते, मेथी होते, तरी पान्हा फुटत नाही. कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी म्हणतं अंगातच कमी. मूल बकरीच्या दुधावर किंवा डब्याच्या पावडरीवर वाढतं. मग पाळी परत येत नाही. काखेतले केस गळतात ते पुन्हा उगवत नाहीत. अंग फिकट पडतं, कातडी कोरडी होते, चेहऱ्यावर वयाआधी बारीक सुरकुत्या येतात. मे महिन्यातही ती पांघरूण मागते. कापूस वेचायला इतर बायकांच्या बरोबरीने निघते आणि दुपारी बांधावर बसून राहते. ‘बाळंतरोग झाला’, ‘रक्त कमी आहे’ म्हणून टॉनिकच्या बाटल्या येतात. निदान व्हायला दहा-वीस वर्षं लागणं या आजारात अगदी नेहमीचं आहे. आणि हाडं लवकर ठिसूळ होतात, त्यामुळे न्हाणीत नुसतं घसरून 48 व्या वर्षी खुबा मोडणं हीसुद्धा खूण असू शकते.

म्हणून ऑपरेशनआधी किंवा ते राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या त्या संध्याकाळी कुणीतरी एक साधा प्रश्न विचारायला हवा: शेवटच्या बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं का, आणि त्यानंतर दूध उतरलं होतं का? बाई शुद्धीत नसेल तर सासूला विचारावं, मोठ्या जावेला विचारावं. त्यांना सगळं आठवतं. “लय रक्त गेलं होतं साहेब, गोधडीच्या गोधडी भिजली. दूध तं आलंच नाई हिले, बकरीच्या दुधावर पोट्टं वाढवलं,” असं उत्तर आलं तर निदान जवळपास झालं म्हणायचं. अमरावतीत ‘डफरीन’, अकोल्यात ‘लेडी हार्डिंग’ ही जिल्हा स्त्री रुग्णालयांची जुनी नावं लोकांच्या तोंडी अजून आहेत. ‘इर्विन’ आणि ‘सर्वोपचार’ ही मोठ्या रुग्णालयांची. बाळंतपणाचा कागद एका इमारतीत, ऑपरेशनचा दुसरीत, मध्ये दोन दशकं. पहिला कागद तर बहुधा वाळवीने खाल्लेला असतो, किंवा घरच्या बाळंतपणाचा तो मुळात नसतोच. त्या दोन्हींना जोडणारा पूल म्हणजे घरातल्या बायकांची आठवण.

दुसरा प्रश्न शेतातला. घोणस चावली होती का? नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या आपल्या चार मुख्य विषारी सापांत घोणशीचं विष रक्त गोठण्याची घडीच विस्कटून टाकतं. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि दुसरीकडे रक्तस्राव होतो. त्या गोंधळात पीयूषिका ग्रंथी मरू शकते. ब्रह्मदेशात 1980 च्या दशकात डॉक्टरांनी हे शीहानसारखं चित्र तपशिलाने मांडलं, आणि त्याच्याआधीच केरळातूनही असे रुग्ण नोंदले गेले होते. दंश झाला तेव्हा लस मिळाली, मूत्रपिंडं सावरली, माणूस घरी आला, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढे दाढी विरळ होते, ताकद जाते, आणि या दोन गोष्टींचा संबंध कुणाला सुचत नाही. तुरीत, कपाशीत, सोयाबीनमध्ये काम करणाऱ्या माणसाला ऑपरेशनच्या टेबलावर घेण्याआधी हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

तिसरा प्रश्न गोळ्यांचा, आणि असे रुग्ण सगळ्यात जास्त आहेत. दमा, संधिवात, त्वचारोग यांसाठी प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही स्टेरॉइडं महिनोन्‌महिने घेतली की पीयूषिका हुकूम देणं सोडून देते. बाहेरून तयार माल येतोय तर कारखाना कशाला चालवा? डॉक्टरने लिहून दिलेली गोळी निदान कागदावर असते. गुडघेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत काय आहे हे खाणाऱ्याला ठाऊक नसतं. दोन दिवसांत दुखणं पळालं आणि भूक वाढली, तोंड गोल झालं, तर संशय घ्यावा. ऑपरेशनसाठी भरती झाल्यावर ही पुडी घरीच राहते, अचानक बंद होते, आणि शरीराची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते. कॉर्टिसोन पहिल्यांदा माणसाला दिलं गेलं 1948 मध्ये; त्याबद्दल 1950 चं नोबेल मिळालं; आणि 1952 मध्येच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी कळवलं, की हे औषध घेणारा संधिवाताचा एक रुग्ण खुब्याच्या ऑपरेशननंतर शॉकमध्ये जाऊन दगावला, आणि त्याच्या अधिवृक्क ग्रंथी सुकलेल्या निघाल्या. वैद्यकाला ही गोष्ट सत्तर वर्षांपासून माहीत आहे. पुडी खाणाऱ्याला ती अजून कुणी सांगितलेली नाही.

इथवर जुन्या दुखण्याबद्दल बोललो. ग्रंथीवर ऐन ऑपरेशनच्या वेळीच घाला पडतो, तेव्हा चित्र वेगळं असतं. साधारण दहातल्या एका माणसाच्या पीयूषिकेत एखादी छोटी, निरुपद्रवी गाठ असते आणि ती आयुष्यभर कळत नाही. गाठ मोठी असेल तर मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्तदाबाचे चढउतार, रक्त पातळ करणारी औषधं, हृदयाच्या बायपासमधलं यंत्र यांमुळे कधीकधी त्या गाठीत अचानक रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठाच तुटतो. न्यूयॉर्कच्या पिअर्स बेली यांनी 1898 मध्ये असा पहिला रुग्ण नोंदवला. याची खूण म्हणजे आधी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, कपाळात, डोळ्यांच्या मागे, एकाएकी. त्यापाठोपाठ उलट्या, एक पापणी खाली पडणं, एकाचे दोन दिसणं, दोन्ही बाजूंचं दिसेनासं होणं.

आपल्याकडे कमरेखालची बहुतेक ऑपरेशनं पाठीच्या मणक्यात सुई देऊन होतात आणि त्या सुईनेही डोकं दुखतं. म्हणून ही डोकेदुखी ‘सुईची’ म्हणून सोडून दिली जाण्याचा धोका आहे. फरक असा, की सुईची डोकेदुखी उठून बसलं की वाढते आणि आडवं झालं की उतरते. ग्रंथीतल्या रक्तस्रावाची झोपूनही थांबत नाही. नातेवाइकांनीच इथे डोळ्यांत तेल घालून पाहावं: आईची पापणी काल अशी होती का? समोरचं घड्याळ दिसतं, पण बाजूला उभा असलेला माणूस दिसतो का? सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून गप्प बसू नये, त्यात हे निसटू शकतं. खरं चित्र एमआरआयमध्ये दिसतं. नजर झपाट्याने जात असेल तर नाकावाटे दुर्बिणीने ऑपरेशन करून गाठीचा दाब काढतात, आणि ते पहिल्या आठवड्याच्या आत झालेलं बरं.

पीयूषिकेचंच ऑपरेशन झालेल्यांसाठी एवढंच सांगतो: पहिल्या दोन दिवसांत लघवी घागरीने होऊ लागली आणि तहान भागेना, तर लगेच सांगा, आणि घरी गेल्यावर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास मळमळ, डोकेदुखी, गुंगी आली, तर सोडियम तपासून घ्या.

आता उपचार. तो इतका साधा आहे की निदान हुकल्याचं दुःख दुप्पट होतं. 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, शिरेतून, ताबडतोब. त्यानंतर 24 तासांत आणखी 200 मिलिग्रॅम, थेंबाथेंबाने किंवा दर सहा तासांनी विभागून. सोबत मिठाचं सलाइन, साखर पडली असेल तर ग्लुकोज. हे इंजेक्शन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. दम्याच्या झटक्याला, औषधाच्या ‘रिअ‍ॅक्शन’ला हेच देतात, त्यामुळे तालुक्याच्या छोट्या दवाखान्यातही ते कपाटात असतं. देण्याआधी कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी एक नळी रक्त काढून ठेवावं, पण रिपोर्टची वाट पाहू नये. निदान चुकलं तरी एका दिवसाच्या या औषधाने नुकसान क्वचितच होतं. निदान बरोबर होतं आणि इंजेक्शन दिलं नाही, तर माणूस जातो. बऱ्याचदा काही तासांत दाब सावरतो आणि दुसऱ्या दिवशी बाई उठून चहा मागते.

दोन सापळे मात्र आहेत. पहिला थायरॉइडचा. पैसे वाचवण्यासाठी अनेकदा फक्त टीएसएच तपासतात. पण टीएसएच, म्हणजे थायरॉइडला मिळणारा हुकूम, बनवते पीयूषिकाच. ती आजारी असेल तर टीएसएच ‘नॉर्मल’ येऊन फसवतं आणि थायरॉइडचं मूळ संप्रेरक तळाला गेलेलं असतं, म्हणून फ्री टी-फोर सोबत तपासावंच लागतं. आणि ते कमी आलं म्हणून आधी थायरॉइडची गोळी सुरू केली, तर शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉल भराभर वापरून टाकतं आणि रुग्ण आणखी कोसळतो. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉइड. हा क्रम उलटा होता कामा नये. दुसरा सापळा सोडियमचा. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर मूत्रपिंडं साठलेलं पाणी धडाधड सोडतात आणि सोडियम झरझर चढतं. 24 तासांत 8 ते 10 च्या वर ते चढलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे दर काही तासांनी तपासणी लागते, आणि लघवीचं माप कागदावर लिहीत राहावं लागतं.

रुग्णाला मोठ्या शहरात नेणं आता सोपं झालं आहे, हे खरं. 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचं डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. पुढे 2024 मध्ये अमरावतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. अकोल्याचं 2002 पासून आहे. रस्ते झाले, 108 ची गाडी आहे, नागपूर पूर्वीइतकं लांब राहिलेलं नाही. पण या आजारात इंजेक्शन गाडीत बसण्याआधी मिळायला हवं. एमआरआय नागपूरला होईल, हार्मोन तज्ज्ञ तिथे भेटतील, हायड्रोकॉर्टिसोन मात्र दर्यापुरात, मूर्तिजापुरात, धारणीतच द्यावं लागेल. पाठवणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवर ‘दिलं, इतके वाजता’ एवढं लिहिलं तर पुढच्याचं अर्धं काम होतं.

बाई वाचली की पुढे आयुष्यभराची गोळी. दिवसाला साधारण 15 ते 25 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन, दोन-तीन वेळांत विभागून, सकाळी जास्त, गरजेप्रमाणे थायरॉइड. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर थेट दवाखाना आणि इंजेक्शन. दाढ काढायची असो की मोतीबिंदू, आधी सांगायचं. ‘आता बरं वाटतं’ म्हणून गोळी सोडणं म्हणजे त्या दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळीच परत जाणं.

घरात असा कुणी असेल तर आजच एका जाड कागदावर ठळक मराठीत लिहा: “मला पीयूषिका ग्रंथीचा आजार आहे. मी रोज स्टेरॉइड घेते. मी बेशुद्ध असेन, उलट्या होत असतील किंवा ऑपरेशन करायचं असेल, तर आधी 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्या.” खाली घरच्याचा फोन नंबर. आणि हा कागद आधार कार्ड नि रेशन कार्ड ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवता, त्याच पिशवीत सगळ्यात वर ठेवा. दवाखान्यात निघताना घरातून तीच पिशवी आधी उचलली जाते.